गृहस्वामी, मक्तेदार आणि दाद : सातारा-सांगली परिसरातील स्थित्यंतर

पेशवाईच्या काळात या प्रदेशातील गावचा सुतार हा बलुतेदार असे. त्याचे वतन गावाशीच निगडित असल्याने त्याची पत हीच घरधन्याची हमी होती. तंटा पंचायतीपुढे गेल्यास उभयपक्षांकडून निर्णय मान्य करण्याचा राजीनामा व जामीन घेऊन, साक्षीपुराव्यांती निवाडपत्र केले जाई.

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. सांगली संस्थान मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत पटवर्धनांकडे राहिले. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. अशा रीतीने शेजारच्या दोन नगरांतील न्यायव्यवस्था शतकभर भिन्न राहिल्या.

इंग्रजी अमलातील साताऱ्यात १८७२ च्या करार कायद्याने फसवणुकीचे स्वरूप निश्चित केले. कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे. कलम १९ अन्वये कपटाने घडविलेला करार फसलेल्या पक्षास रद्द करता येतो, तर कलम ७३ अन्वये करारभंगाची भरपाई मागता येते. तथापि दिवाणी दाव्यात सिद्धतेचा भार वादीवरच पडतो. फौजदारी मार्ग त्याहून अरुंद आहे. पूर्वी दंडसंहितेच्या कलम ४२० खाली व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फिर्याद करता येत असली, तरी आरंभापासूनच बेइमानीचा हेतू होता हे दाखवावे लागते. केवळ अपुरे काम पुरेसे नाही.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सुलभ मार्ग खुला केला आणि १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा सेवेत स्पष्ट समावेश केला. सध्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार दावाकारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार करणे अगत्याचे आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा रोख मात्र विक्रीसाठी बांधकाम करणाऱ्या प्रवर्तकावर आहे. स्वतःच्या भूखंडावर मक्तेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास त्याचा आधार सहसा मिळत नाही.

सारांश, मक्तेदाराकडे परवाना नसला, तरी तेवढ्याने दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही. ती करारावर व मोबदला देऊन घेतलेल्या सेवेवर आधारलेली असते. पूर्वी गाव साक्ष देई. आज लेखी करार, पैशाच्या पावत्या व अभियंत्याचा पाहणी अहवाल ती साक्ष देतात. हे कागद नसलेला गृहस्वामी मात्र कायदे वाढूनही पूर्वीच्या वादीपेक्षा दुबळा ठरतो.