उष्ण मुलखातील द्राक्षवेलीची कुळकथा

नाशिक, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदारांच्या तोंडी ‘डॉगरिज’ हे नाव आज इतके रुळले आहे की, ते आपल्याच शिवारातले असावे असे वाटते. परंतु थॉमसन किंवा सोनाका या जातींचा भार जो खुंट मुकाट्याने वाहतो, त्याचे मूळ ठिकाण अमेरिकेतील टेक्सस राज्यात, तेथल्या चुनखडीच्या टेकड्यांत आहे, आणि त्याची हकीकत नीट समजून घ्यावयाची तर त्याच राज्याच्या दक्षिण सरहद्दीवर एका इटालियन कुटुंबाने चार पिढ्या जतन केलेल्या काळ्या द्राक्षापासून आरंभ करावा लागतो.

ज्या द्राक्षाची थोरवी युरोपात गायली जाते, ती व्हिनिफेरा कुळातील वेल दक्षिण टेक्ससच्या हवेत फार काळ तग धरीत नाही. याचा दोष एकट्या उन्हाकडे जात नाही. त्या प्रदेशात ज्याला पियर्स रोग म्हणतात त्याचा कायमचा वास असतो. वेलीचा रस शोषणारे तुडतुडे त्याचे जंतू एका वेलीवरून दुसरीवर नेतात, ते जंतू खोडातील जलवाहिन्या तुंबवितात, आणि पुरेसे पाणी पायाशी असतानाही पाने कडेने करपून वेल तहानेने मरते. कडक हिवाळ्याच्या मुलखात थंडी या जंतूंना आवर घालते. उष्ण प्रदेशात ते साहाय्य नसते. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात या रोगाने अॅनाहाइमचे मळे उजाड केले, न्यूटन पियर्स यांनी १८९२ मध्ये त्याचे वर्णन लिहून ठेवले, तरी खरा जंतू ओळखू येण्यास पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली.

या काळात, म्हणजे रोगाचे नावही ठाऊक नसताना, फ्रँक क्वालिया नावाचा इटालियन गृहस्थ रिओ ग्रांदे नदीच्या काठी डेल रिओ या गावी येऊन स्थायिक झाला. सान फेलिपेच्या झऱ्यांचे पाणी पाटांनी खेळविलेल्या त्या भूमीत ‘लेन्वार’ या काळ्या द्राक्षाच्या वेली जोमाने वाढत असलेल्या त्याला आढळल्या; याच द्राक्षाला टेक्ससमधील लोक ‘ब्लॅक स्पॅनिश’ म्हणतात. ज्या देशातून तो आला त्या देशाच्या जाती किती तरी नामांकित होत्या, आणि परदेशी गेलेला शेतकरी बहुधा आपल्या गावचेच बी मातीत रुजवू पाहतो. पण क्वालियाने डोळ्यांपुढे जिवंत असलेल्या वेलीचा कौल मानला आणि १८८३ साली व्हाल व्हर्दे वायनरीची स्थापना केली. मला या गृहस्थाच्या निर्णयाविषयी मनापासून आदर वाटतो. कारण शास्त्राचे पाठबळ नसताना केवळ जमिनीची साक्ष ग्राह्य धरणे हे धैर्याचे काम आहे.

लेन्वार हे युरोपीय आणि अमेरिकी वेलींच्या नैसर्गिक संकरातून उद्भवलेले द्राक्ष. मणी बारीक, रंग अत्यंत गडद, आणि रसात आम्लता भरपूर. उष्ण प्रदेशात साखर झपाट्याने चढते व आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, म्हणून तेथील वाइन पुष्कळदा मचूळ लागते. लेन्वार आपला आंबटपणा सहजी सोडीत नाही, आणि पियर्स रोगालाही ते दाद देत नाही. त्याच्या भरदार रसाला पोर्ट वाइनची धाटणी विशेष मानवते, आणि या घराण्याच्या पोर्टचा लौकिकही त्यामुळेच झाला.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदीचा अंमल सुरू झाला आणि टेक्ससमधील वायनऱ्या एकामागून एक बंद पडल्या. क्वालिया कुटुंबाने वेली उपटल्या नाहीत. खाण्याची द्राक्षे विकून त्यांनी मळा राखला, आणि १९३३ साली बंदी उठली तेव्हा मातीत मुळे शाबूत असलेले हे एकच जुने घर त्या राज्यात उरले होते. पुढे फ्रँकचा मुलगा लुई, नातू टॉमस आणि त्यानंतरची पिढी यांनी तो कारभार चालविला. १९३० च्याच दशकात फ्रान्सच्या सरकारने लेन्वारला, तिकडच्या ‘जाके’ या नावाने, लागवडीची मनाई केली.

ते द्राक्ष फ्रान्सला गेले होते फार मोठ्या संकटाच्या वेळी. १८६० च्या दशकात फायलोक्झेरा नावाची मुळांचा रस शोषणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून तेथे पोचली होती आणि प्रांतामागून प्रांत उद्ध्वस्त करीत होती. अमेरिकी रानवेलींची मुळे या किडीला सरावलेली असल्यामुळे त्यांच्यावर फ्रेंच द्राक्षाची कलमे बांधावीत हा उपाय सापडला. पण आरंभी नेलेले खुंट कोन्याक प्रांतातील चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडू लागले. तेव्हा फ्रेंच सरकारने १८८७ साली पिएर व्हियाला या वनस्पतिशास्त्रज्ञास अमेरिकेत धाडले, आणि त्याची गाठ टेक्ससमधील डेनिसन गावच्या टॉमस व्होल्नी मन्सन यांच्याशी पडली. मन्सन यांनी आपले आयुष्य रानद्राक्षांच्या अभ्यासात वेचले होते. चुनखडीच्या टेकड्यांवर स्वच्छंद वाढणारी बर्लांदिएरीसारखी वेलच चुनखडीच्या फ्रान्सला तारील, असा त्यांचा सल्ला होता. तो खरा ठरला, आणि १८८८ साली फ्रेंच सरकारने मन्सन यांना कृषिसेवेचा बहुमान दिला.

याच मन्सन यांनी टेक्ससच्या बेल परगण्यातील शांपिनी जातीच्या रानवेलींतून डॉगरिज निवडला. आपल्याकडे तो आला तो मात्र फायलोक्झेराच्या भयाने नव्हे. पूर्वी महाराष्ट्रातील बागा स्वमुळांवरच, म्हणजे काडी सरळ जमिनीत लावून उभ्या केल्या जात. परंतु अवर्षणे वाढली, विंधनविहिरींचे खारट पाणी ठिबकातून मुळाशी जाऊ लागले, जमिनींत क्षार साठले, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्वमुळावरची वेल थकू लागली. डॉगरिज खारटपणा सोसतो, पाण्याचा ताण सोसतो, सूत्रकृमींनाही पुरून उरतो. तेव्हापासून आधी खुंटरोप शेतात लावावयाचे, ते वाढले की ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम भरावयाचे, ही वहिवाट गावोगाव पडली, आणि कलम भरणाऱ्या कुशल कारागिरांची मागणीही त्यासरशी वाढली.

डॉगरिजचा जोम हाच काही ठिकाणी त्याचा दोष ठरतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडे भराभर धावतात, पानांची दाटी होते, काडीला ऊन मिळत नाही, आणि डोळ्यांत घड न बनता नुसती बाळी निघते. मग ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला बागायतदाराची निराशा होते. म्हणून वाइनची द्राक्षे लावणारे आता ‘११० रिश्टर’ या संयमी खुंटाकडे वळत आहेत. तो फ्रान्समध्ये तयार झाला असला तरी त्याच्या दोन जनकांपैकी एक बर्लांदिएरीच आहे. मन्सन यांनी व्हियालाला जिची वाट दाखविली, तीच टेक्ससच्या टेकड्यांवरची वेल.