समाधी नसलेला उद्योजक : क्लॅरेन्स बर्ड्सआय

प्रस्तावना

थोर व्यक्तीच्या समाधीचे दर्शन घेऊन चरित्राभ्यासास प्रारंभ करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. गोठवलेल्या अन्नाच्या आधुनिक उद्योगाचे जनक मानले जाणारे अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स बर्ड्सआय यांच्याबाबत मात्र ही वाट खुंटते. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दहनानंतर त्यांची रक्षा मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टरनजीकच्या समुद्रात विसर्जित करण्यात आली. तेव्हा समाधी शोधत जाणाऱ्या अभ्यासकास तेथे केवळ समुद्रच दिसावयाचा. प्रस्तुत लेखात त्यांच्या 'जनक' या बिरुदाचा विचार केला आहे.

लॅब्राडोर ते ग्लॉस्टर

१९१२ मध्ये बर्ड्सआय लोकरी कातड्यांच्या व्यापारानिमित्त कॅनडातील लॅब्राडोरला गेले. तेथील इनुइट लोक बर्फाला छिद्र पाडून मासे पकडीत. उणे ४० अंशांच्या वाऱ्यात ते मासे तत्काळ गोठत आणि महिन्यांनी शिजवले तरी ताजेच लागत. याचे कारण गोठण्याच्या वेगात होते. सावकाश गोठणाऱ्या मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात व वितळताना रस गळून जातो. वेगाने गोठल्यास स्फटिक सूक्ष्म राहतात. बर्ड्सआय यांनी स्वतःच्या घरासाठी कोबीही पिंपात खारे पाणी घालून याच रीतीने गोठवला होता.

या निरीक्षणाचे यंत्रात रूपांतर करणे हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. पहिली कंपनी १९२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९२५ मध्ये ग्लॉस्टर येथे त्यांनी पुन्हा उभारणी केली. खोक्यात भरलेले मासे थंड केलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून गोठवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. १९२९ मध्ये हा व्यवसाय २ कोटी २० लाख डॉलरना विकला गेला. पुढे काही महिन्यांतच अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्डमधील १८ दुकानांत किरकोळ विक्रीचा प्रयोग सुरू झाला. नव्या मालकांनी आडनावाची फोड करून 'बर्ड्स आय' ही मुद्रा रूढ केली. मालकी गेली, पण नाव पाकिटावर राहिले.

श्रेयाचा प्रश्न

इनुइटांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या ज्ञानास एकस्व नव्हते. यंत्र बर्ड्सआय यांचे होते, तत्त्व मात्र त्यांनी तेथे पाहिलेले होते. 'जनक' हा शब्द हा भेद पुसून टाकतो, असे आम्हांस वाटते. स्वतः बर्ड्सआय यांनी हे ऋण लपवले नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर सुकाणू धरलेल्या कोळ्याचा पुतळा आहे. तोही १९२५ चाच. समुद्रात बुडालेल्या, म्हणजे ज्यांनाही समाधी लाभली नाही अशा पाच हजारांहून अधिक कोळ्यांची नावे त्याच्याभोवती कोरलेली आहेत. लॅब्राडोरच्या बर्फावर बर्ड्सआय यांच्यासमोर मासे पकडणाऱ्यांची नावे मात्र या उद्योगाच्या प्रचलित इतिहासात सहसा आढळत नाहीत.