हायपो: डार्क रूम ते डायलिसिस

डायलिसिसवर बरीच वर्षं काढलेल्या माणसाच्या पायाचा एक्स-रे उजेडासमोर धरला, की कधीकधी हाडाच्या बाजूने दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. त्या रक्तवाहिनीच्या भिंती. निरोगी पायाच्या एक्स-रेत रक्तवाहिनी दिसतच नाही. इथे दिसते, कारण तिच्या भिंतीत कॅल्शियम आणि फॉस्फेट बसलेलं असतं. डिजिटलच्या आधी हीच फिल्म ज्या द्रावणात पक्की व्हायची, ते सोडियम थायोसल्फेटचं, फोटोवाल्यांच्या बोलण्यातल्या हायपोचं. आणि आज त्याच हायपोचं इंजेक्शन त्या साचलेल्या कॅल्शियमवर देऊन पाहतात.

हायपोचा मोठा गुण इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी 1819 मध्ये मांडला. पाण्याला दाद न देणारे चांदीचे क्षार यात विरघळतात. वीस वर्षांनी, 1839 मध्ये, फोटोग्राफी जगापुढे आली आणि तिची पहिली अडचण हीच होती की उमटलेलं चित्र उजेडात काळवंडत जाई. हर्शेल यांनी आपला जुना शोध पुढे केला आणि चित्र टिकू लागलं.

हे काम डोळ्यांनी पाहता येतं. डेव्हलपरमधून काढलेली एक्स-रे फिल्म लाल दिव्याखाली दुधाळ असते. हायपोच्या टाकीत ती हलवत राहिलं की काही मिनिटांत दुधाळपणा विरतो आणि हाडं स्वच्छ होतात. उजेड न लागलेली चांदी थायोसल्फेटला धरून पाण्यात उतरलेली असते. मग फिल्म वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायची, कारण मागे उरलेला हायपो पुढे डाग पाडतो.

नाशिकला हा हायपो परका नाही. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके इथे येऊन चित्रपट काढू लागले. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती डेव्हलप करण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे हात त्या कामात होते, याची आठवण नाशिककरांनी जास्त ठेवायला हवी. आणि नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 1952 साली कबीर, तुलसीदास, मीरा, गालिब यांची तिकिटं फोटोग्राव्ह्युअरने छापली गेली. त्या पद्धतीची सुरुवातच फोटोच्या फिल्मपासून होते.

औषधात हायपो आला तो विषावरचा उतारा म्हणून. सायनाइडला तो आपलं गंधक देतो, त्यातून कमी विषारी पदार्थ तयार होतो आणि लघवीवाटे निघून जातो. के. के. चेन आणि सहकाऱ्यांनी 1933 मध्ये नायट्राइटच्या जोडीने याचा उपचार मांडला. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर वायुग्रस्तांना हीच इंजेक्शनं द्यावीत की नाहीत यावर मोठा वाद झाला.

कॅल्शियमकडे त्याला वळवलं ग्रीसच्या हिपोक्रॅटिस यात्झिदिस यांनी. वारंवार मुतखडे होणाऱ्या रुग्णांना थायोसल्फेट देऊन त्यांनी 1985 मध्ये चांगले परिणाम नोंदवले. पुढे 2004 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कॅल्सिफिलॅक्सिसवर त्याचा वापर केल्याचं लिहिलं. या आजारात कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या कॅल्शियमने बंद होतात, कातडी काळी पडते, जखमा भरत नाहीत आणि वेदना असह्य होतात. तेव्हापासून डायलिसिसच्या शेवटच्या तासात, साधारण 25 ग्रॅमपर्यंत, ते शिरेतून देण्याची पद्धत पडली.

फिल्मवरची चांदी विरघळते तसंच नसेतलं कॅल्शियमही विरघळत असेल, हा तर्क मोहात पाडतो. पण रक्तवाहिनीत कॅल्शियम नुसतं साचत नाही. फॉस्फरस वाढलेला राहिला की भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. शरीर चुकीच्या जागी हाड घडवतं. त्यामुळे थायोसल्फेट नेमकं काय करतं, कॅल्शियम बांधतं की पेशींना होणारी इजा कमी करतं, यावर अजून एकमत नाही.

थायलंडमधल्या 2010 च्या एका छोट्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा चार महिने हे औषध घेतलेल्या डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम वाढणं थोपलं. पण त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी झाली. नको तिथलं कॅल्शियम आवरताना हवं तिथलंही जात असेल, तर ते हलक्या हाताने द्यायचं औषध नव्हे. मळमळ, उलट्या आणि रक्तातलं आम्ल वाढणं हे त्रास आहेतच. कॅल्सिफिलॅक्सिसमध्येही त्याने आयुष्य वाढतं हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून आज मुख्य भर फॉस्फरस आटोक्यात ठेवण्यावर आहे: जेवणाबरोबरच्या फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या, पॅकबंद खाण्याला फाटा आणि मशीनवरचा पूर्ण वेळ.

मला एक मागणी मात्र ठामपणे करावीशी वाटते. हे जुनं मीठ साधं आहे. त्यावर मोठी, नीट आखलेली चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीला फारसा फायदा नाही. ती सरकारी पैशाने व्हायला हवी. 2016 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत मशीन पोचली, रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा तिथे येतातच. त्यांच्या संमतीने, हाडांची घनता मोजत, ही चाचणी आपल्याकडे करता येईल.