दहा पौंडांचं घर

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये, ककमिअर नदीकाठी आल्फ्रिस्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचं एक शाकारलेलं घर उभं आहे. नाव 'क्लर्जी हाऊस', म्हणजे धर्मगुरूंचं घर. कामानिमित्त इंग्लंडात असताना मी ते पाहिलं.

मध्ये जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा दिवाणखाना आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, अशी मूळ रचना. वरचे मजले खालच्या भिंतींच्या थोडे पुढे येतात, म्हणून मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. छप्पर मात्र सगळ्यावर एकच. या धाटणीला तिकडे 'वील्डन' घर म्हणतात. पूर्वी धुराडं नव्हतं. दिवाणखान्यात जमिनीवरच विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. सांगाडा ओक लाकडाचा, भिंती कुडाच्या. जमीन खडूच्या दगडाचा चुरा चोपून केलेली आणि वर आंबट दुधाचा हात दिलेला! शेणाने सारवलेल्या पडवीत वाढलेल्या आपल्याला ही युक्ती परकी वाटू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर इतकं मोडकळीला आलं, की ते पाडायचं घाटत होतं. गावचे धर्मगुरू रेव्हरंड बेनन यांनी ते वाचवण्यासाठी धडपड केली. 1895 साली स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट'ने 1896 मध्ये ते अवघ्या दहा पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी दुरुस्तीसाठी लोकांकडे मदत मागितली. किंमत दहा पौंड असली, तरी खरा खर्च दुरुस्तीचाच होता.

काम वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांच्याकडे आलं. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये स्थापलेल्या जुन्या इमारतींच्या संरक्षण संस्थेचा आग्रह असा, की जुनं पाडून 'जुन्यासारखं' नवं उभारू नये. जे टिकलंय त्याला आधार द्यावा. इथेही तीच दृष्टी ठेवली गेली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुनी प्रणाली दिसली, की पहिली सूचना येते, "सगळं नव्याने लिहू." पण तिच्या प्रत्येक विचित्र ओळीमागे कुणाची तरी अडचण सुटलेली असते. घराचंही तसंच. सांगाड्याचा प्रत्येक सांधा कुणीतरी विचार करून बसवलेला असतो. तो समजून घेतल्याशिवाय उखडला, तर तो विचारही जातो.

आपल्या शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीचा विषय निघेल, तेव्हा माझं मत दुरुस्तीच्या बाजूने धरावं. वर्गणीही!