हरवलेल्या अक्षराची खूण

तिशीत असताना मी मुंबईच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या व्याकरणावरून इटालियन शिकायला लागलो. शिकवणारे कोणी नव्हते. काही वर्षांनी एका इटालियन पाहुण्यापुढे ती विद्या पाजळायची वेळ आली. 'समजलं' या अर्थाने मी म्हणालो, 'काऽपितो'. पाहुणे क्षणभर बघत राहिले, मग हसले. (आघाताची जागा दाखवायला आपला अवग्रह इथे उसना घेतो आहे.) म्हणायला हवे होते 'कापीऽतो'. मी म्हणालो त्याचा अर्थ 'मी अवचित येऊन पोहोचतो'. 'कापितोऽ' असे तिसरे रूपही आहे. त्याचा अर्थ 'घडले'. छापील पानावर पहिली दोन रूपे अक्षरशः सारखी दिसतात. तिसऱ्याच्याच शेवटच्या स्वरावर एक लहानशी तिरकी रेघ असते. मग पहिल्या दोघांनी काय पाप केले?

उत्तर शोधायला लॅटिनपर्यंत मागे जावे लागते. तीन किंवा अधिक अक्षरांच्या लॅटिन शब्दात आघात नियमाने ठरे. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. वृत्तांचे गण पाडलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. नवरा या अर्थाच्या 'मरीतुस' शब्दात 'री' दीर्घ, म्हणून आघात तिथे. योग्यता या अर्थाच्या 'मेरितुम'मध्ये 'रि' ऱ्हस्व, म्हणून आघात 'मे'वर. पुढे लोकांच्या बोलण्यातून हा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाहीसा झाला. नियमाचे कारण गेले, आघात मात्र जागचा हलला नाही. आजही इटालियनमध्ये 'मारीऽतो' आणि 'मेऽरितो' असेच म्हणतात. कानाने विसरलेला दीर्घ स्वर जिभेने असा जपून ठेवला.

ती तिरकी रेघही अशीच एक आठवण आहे. शहर या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे 'चित्ताऽदे' झाले. दान्तेच्या काळी हे रूप चालत होते, आणि 'चित्ताऽ' हे आखूड रूपही. शेवटचे 'दे' गळाले, आघात होता तिथेच राहिला आणि आपोआप शब्दाच्या टोकाला आला. आज त्या टोकावर रेघ दिसते. सगळ्याच अंत्याघाती शब्दांची कथा अशी नाही. 'काफ्फेऽ' म्हणजे कॉफी तुर्कीतून आली. पण अनेक शब्दांत ही रेघ गळून पडलेल्या अक्षराच्या उंबरठ्यावर उभी आहे.

रेघ छापील पानावर रुळली त्यात व्हेनिसचा वाटा मोठा. तिथला मुद्रक आल्दुस मानुत्सिउस ग्रीक ग्रंथ छापण्यात निष्णात होता, आणि ग्रीक पानावर आघातचिन्हे ठायी ठायी असतात. 1501 मध्ये त्याने पिएत्रो बेम्बोने संपादित केलेला पेत्रार्क छापला, तेव्हा लोकभाषेच्या पानावरही अपॉस्ट्रॉफी आणि थोडी आघातचिन्हे आली. 1524 मध्ये जान जोर्जो त्रिस्सिनो आणखी पुढे गेला. 'ए' आणि 'ओ' यांचे विवृत-संवृत उच्चार वेगळे दिसावेत म्हणून त्याने ग्रीक एप्सिलॉन आणि ओमेगा इटालियन लिपीत आणायचे सुचवले. फ्लॉरेन्सच्या पंडितांनी विरोध केला, आणि ती अक्षरे रुजली नाहीत. शेवटी काटकसर जिंकली. आज बहुअक्षरी शब्दात आघात शेवटच्या अक्षरावर असेल तरच चिन्ह सक्तीचे आहे. काही एकाक्षरी शब्दांवरही ते लागते. बाकी वाचकाने जाणावे.

पण जाणणारा वाचक होता कुठे? 1861 मध्ये इटली एक राष्ट्र झाले, तेव्हा इटालियन बोलू शकणारे शंभरात अडीच होते, असा तुल्लियो दे माउरो यांचा अंदाज. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो दहाच्या आसपास नेला. दहा धरले तरी उरलेल्या नव्वद जणांच्या घरी वेगळी बोली होती. राष्ट्रभाषा त्यांना पुष्कळशी पुस्तकातून शिकायची होती, आणि पुस्तक आघाताबद्दल मुके होते. पुढे रेडिओ आणि टीव्ही आले, आणि निवेदकालाच प्रश्न पडू लागला की हा शब्द म्हणायचा कसा. 1969 मध्ये मिल्योरिनी, तालियाविनी आणि फियोरेल्ली यांचा उच्चारकोश निघाला, तो सरकारी नभोवाणीच्याच प्रकाशनसंस्थेतर्फे.

तरीही 'रुब्रीऽका' या शब्दाला पुष्कळ इटालियन माणसे 'रूऽब्रिका' म्हणतात. वृत्तपत्रातले सदर किंवा पत्त्यांची वही असा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये त्यातला 'री' दीर्घ होता, एवढ्यासाठी ते चूक ठरते. दोन हजार वर्षांपूर्वीची मात्रा ठाऊक नसल्याचा दंड आजच्या माणसाने भरायचा. शाळेत लॅटिन शिकलेला सुटतो, स्वतःच्या बळावर वाचून मोठा झालेला सापडतो.

आपणही याबाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. 'जग' असे लिहून आपण दुनियाही लिहितो आणि पाण्याचे भांडेही. दोन्हींतला 'ज' वेगळा आहे हे लिपी सांगत नाही, घर सांगते. ज्याच्या घरात ही भाषा नाही, त्याच्या चुकीला आपण हसतो. माझ्या 'काऽपितो'ला ते पाहुणेही हसले होते. फरक एवढाच की त्यांनी नंतर माझे व्याकरण मागून घेतले आणि खिशातल्या पेन्सिलीने शब्दांवर रेघा मारायला बसले. त्या फिकट झाल्या आहेत, पण अजून वाचता येतात.