हंटर आयोग आणि जोतीरावांची शाळा

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. वयाच्या १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे. शाळेच्या दर्जाविषयीचे त्यांचे विवेचन मात्र दुर्लक्षित राहिले.

मोडी-बालबोध वाचन, लेखन व हिशेब यांच्या जोडीला शेती, नीती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान त्यांनी सुचवले. शिक्षक प्रशिक्षित, शक्यतो शेतकरी वर्गातील आणि प्रसंगी नांगर धरू शकणारे असावेत, असे त्यांचे मत होते.

निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत त्यांना बहुजनांच्या शाळांसाठी गैर वाटली. जिथे मोजकीच मुले परीक्षेपर्यंत पोहोचतात, तिथे शिक्षक टिकणार कसा?

आयोगाने प्राथमिक शाळांसाठी निकालाचेच तत्त्व उचलून धरले. सक्तीचे शिक्षण कोल्हापूर संस्थानात १९१७ साली आले, जोतीरावांच्या निधनानंतर पाव शतक उलटून.