गोड शब्द आणि खरें माप

वऱ्हाडच्या बाजारांत भावाची गोष्ट सर्वांत शेवटीं निघे. आधीं पाऊसपाणी, घरची खुशाली, पानसुपारी. ओळख पटली म्हणजे मग सौदा. मोठ्या पेढीवरही रीत हीच.

अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या काळांत हिंदी कापसास अपूर्व भाव आला. त्या पैशावर मुंबईंत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाखातर लोक भाग घेत. बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला आणि भागांचे कागद मातीमोल झाले. शब्द गोड होता. त्यामागें जमीन नव्हती.

हल्लींच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथें १८८६ सालीं, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें, कापसाचा बाजार नियमांखालीं आला. हिंदुस्थानांतील असा हा पहिला बाजार गणला जातो. १८९७ सालीं साऱ्या वऱ्हाडास बाजाराचा कायदा मिळाला. बाजारावर समिती आली, दलाल व मापारी यांना परवाना लागूं लागला. समितींत व्यापाऱ्यांचेंच वजन राहिलें, शेतकरी बाहेर. ही उणीव मोठीच. तरीही पानसुपारी बंद पडली नाहीं, पडावयासही नको. गोड बोलण्यानें माणूस जवळ येतो. जवळ आलेला टिकतो तो खऱ्या तराजूमुळें.